हिरव्या पडद्याच्या अलीकडे: माझ्या खुब्याचं ऑपरेशन

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते. आजारपणावर लिहिणारी माणसं बहुतेक धीराची असतात आणि त्यांचं वाचून मला आणखीच भीती वाटायची. तुमच्या घरातही कपाटावर एक्स-रेचं मोठं पाकीट ठेवलेलं असेल आणि सगळे त्याच्याकडे न बघता वावरत असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. माझं पाकीट असंच पाच महिने पडून होतं.

गुडघा नव्हताच

आम्ही धारूरचे. बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे, जुन्या पद्धतीचं, गादी घातलेलं. मालक आणि मी दिवसभर मांडी घालून बसतो, साड्या उलगडतो, परत घड्या घालतो. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे तसंच म्हणतात.

माझा डावा पाय लहानपणापासून दोन बोटं आखूड. लंगडतच वाढले, लंगडतच या घरात आले. त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पन्नाशी ओलांडली आणि डावा गुडघा दुखायला लागला. वर्षभर गुडघ्याला तेल लावलं, पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या. एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना वरच्या फळीवरचं काठापदराचं लुगडं काढायला म्हणून उठायला गेले आणि उठताच येईना. पाय आपला नव्हेच असा पडून राहिला. मी हसून म्हणाले, "आज हेच बघा, हे लई चांगलं हाय." गिऱ्हाईक गेल्यावर मालकांनी दोन्ही बगलांत हात घालून मला उभं केलं. दुसऱ्या दिवशी बीडला गेलो.

घाट उतरताना एसटीचा प्रत्येक दणका जांघेत लागत होता. तरी मी डॉक्टरांना गुडघाच दाखवला. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही. मला आडवं झोपवलं, पाय वाकवला आणि आत वळवला. मी ओरडले.

"दुखणं गुडघ्यात कळतंय, पण आजार खुब्यात आहे," ते म्हणाले.

एक्स-रे त्यांनी काचेच्या दिव्यावर लावला. उजवीकडे हाडाचा गोळा वाटीत लाडू बसावा तसा नीट बसलेला. डावीकडे वाटी उथळ, बशीसारखी, आणि गोळा चपटा होऊन वर सरकलेला. मधली गादी झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं.

"हे जन्मापासूनच असं आहे. वाटी पूर्ण तयारच झाली नाही."

मला पहिल्यांदा आठवली ती आई. मी तान्ही असताना पाळण्यात ठेवताना तिच्या हातून पडले होते आणि त्यानंच पाय आखूड झाला, असं ती शेवटपर्यंत समजत होती. माझ्या प्रत्येक वाकड्या झिजलेल्या चपलेकडे ती कशी बघायची! तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा काही दोष नव्हता हे सांगायला आता कुणी नव्हतं. मी तिथंच रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं, आता ऑपरेशन सांगतील म्हणून मी भ्याले. ती भीती अजून यायची होती.

ते काय दाखवणार आणि काय करणार

सांधा बदलावा लागेल, डॉक्टर म्हणाले. माझा खुबा वेडावाकडा वाढलेला असल्यामुळे नवी वाटी कुठं आणि किती कलती बसवायची, याच्या नेहमीच्या खुणा सापडणं अवघड. म्हणून ते कॉम्प्युटरची मदत घेणार होते.

"म्हणजे ऑपरेशन कॉम्प्युटर करणार?" मालकांनी विचारलं.

"नाही. ऑपरेशन मीच करणार. तो फक्त दाखवणार. वाटीचा कल किती, पाय किती लांब झाला, ते पडद्यावर दिसत राहील."

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "एक गोष्ट लपवत नाही. आखूड पाय लांब करताना मागची मोठी नस ताणली जाते. जास्त ताण बसला तर पायाचा पंजा वर उचलता येत नाही. क्वचित होतं, पण होतं. म्हणून दोन्ही पाय अगदी सारखे करून देईन, असं वचन मी देणार नाही."

त्या अर्ध्या तासात ते पुष्कळ बोलले. मालकांनी एका कागदावर लिहूनही घेतलं. मला ऐकू आलं ते एवढंच: पंजा उचलता येत नाही.

अक्का

अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. वीस वर्षांपूर्वी तिचे मालक, आमचे दाजी, पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून अक्का आमच्याकडे असते. घर तीच चालवते म्हटलं तरी चालेल. दाजींबद्दल ती कधी बोलत नाही. बोललीच तर एकच वाक्य: "आपल्या पायानं चालत गेलते ते."

एक्स-रेचं पाकीट तिनंच कपाटावर टाकलं.

"चालतीस तवर चाल," ती म्हणाली. "कावून अंगाला हात लावून घ्यायलीस? बसून तर धंदा करायचाय."

खरं सांगते, मला ते बरंच वाटलं. भित्र्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी नको म्हटलेलं हवं असतं. मालक महिन्यातून एकदा विषय काढायचे, अक्का भांडी आपटायची, मी म्हणायचे, "बघू दिवाळीनंतर." पाच महिन्यांत घरात ह्या एका पाकिटावरून जेवढा अबोला झाला तेवढा तीस वर्षांत झाला नव्हता.

ते संपलं एका सकाळी. लिहायला लाज वाटते, पण ज्यांना हा आजार आहे त्यांना कळेल. आमचं संडास भारतीय पद्धतीचं. बसले ते बसले, उठता येईना. आतून कडी. हात पोचेना. अक्का दाराबाहेरून हाका मारतेय, मी आतून "आले, आले" म्हणतेय. पाऊण तासानं मालकांनी सुताराला आणून कडी काढली. त्या माणसासमोर अक्कानं माझ्या अंगावर चादर टाकली आणि मला बाहेर ओढलं.

मी अंघोळ केली आणि मालकांना म्हणाले, "तारीख घ्या."

अक्का बोलायची बंद झाली. वाढायची, धुवायची, पण एक शब्द नाही. तिला आणि स्वतःला धीर द्यायला मी येईल त्याला सांगत सुटले, "कॉम्प्युटरवर हाय ऑपरेशन. माणसाचा हात चुकंल, कॉम्प्युटर चुकत न्हाई." इतक्यांदा सांगितलं की माझाच त्यावर विश्वास बसला.

लाज

आदल्या दिवशी बीडच्या दवाखान्यात दाखल झाले. रक्त, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी. सिस्टरनं निळ्या पेननं डाव्या मांडीवर बाण काढला. मी तिला तीनदा विचारलं, "डावाच ना?" तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मावशी, आता तुम्हीच सांगा डावा कुठला." मी गोंधळून उजवा हात वर केला. दोघी हसलो. ते त्या दिवसातलं शेवटचं हसणं.

संमतीचा कागद मालकांनी तीनदा वाचला. त्यावर जे जे होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं. वाचू नका असं मी सांगणार नाही. पण एकट्यानं वाचू नका.

शेजारच्या खाटेवर तलवाड्याच्या कौशल्याबाई होत्या, सत्तरीच्या. अंगणात पडून खुबा मोडला होता, ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. खाटेवर लघवीचं भांडं घ्यायची लाज वाटते म्हणून मी पाणीच पीत नव्हते, ते त्यांनी बरोबर ओळखलं.

"ये बाई, पाणी पी," त्या म्हणाल्या. "लाज हितं दारातच चपलीसंगं काढून ठेवायची. जाताना घालून जायची परत."

मग भांडं खाली सरकवायला एका पायावर जोर देऊन कंबर कशी उचलायची ते त्यांनी स्वतः करून दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरले असेन, हे विसरले नाही. पुढचे सहा दिवस मला तेच उपयोगी पडलं.

जुळेना

सकाळी मला आत नेलं. थंडी इतकी की दात वाजायला लागले, का भीतीनं वाजत होते कोण जाणे. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला बसवून पाठीत सुई दिली आणि एक बारीक नळी तिथंच ठेवली. पाय आधी गरम झाले, मग जड, मग नाहीसे झाले. मला उजव्या कुशीवर वळवलं आणि तोंडासमोर हिरवा पडदा लावला. मी जागी होते. झोपेचं औषध देऊ का, असं बाईंनी विचारलं होतं, मी नको म्हणाले होते. झोपले तर उठणार नाही, असं वाटत होतं. दाजी झोपेतच गेले होते.

पडद्याच्या कडेनं मला उभ्या दांड्यावरचा कॅमेरा दिसत होता, दोन डोळ्यांचा. आदल्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं होतं. कमरेच्या आणि मांडीच्या हाडात बारीक खिळे बसवतात, त्यांवर छोटे चकाकणारे गोळे असतात. कॅमेरा ते गोळे बघतो आणि हाड कुठं आहे ते पडद्यावर येतं. डॉक्टर टोकदार सळईनं हाडाच्या एकेका जागी टेकवतात आणि कॉम्प्युटर त्यावरून चित्र जुळवतो.

दुखत नव्हतं. पण शरीर हलत होतं आणि आवाज येत होते. छिद्र पाडायचं यंत्र, करवत, हातोडी. ज्या सुतारानं आमची कडी काढली त्याच्याकडचे आवाज. "हे तुमचंच हाड आहे," असं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगते. आवाज तुमच्याच हाडाचा असतो, आणि तो ऐकूनही माणूस जगतं.

बाई डोक्याशी बसून मला दुकानाचं विचारत होत्या. कोणती साडी जास्त जाते, कुठून माल आणता. मी उत्तरं देत होते. मधूनच डॉक्टरांचा आवाज यायचा, आकडे यायचे. आकडा आला की मला बरं वाटायचं. म्हणजे मशीन चालू आहे.

मग आकडे थांबले.

"जुळेना," डॉक्टर म्हणाले.

कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "नाही. हाताला वेगळं लागतंय आणि हे वेगळं सांगतंय. थांबा सगळे."

हातोडी थांबली. करवत थांबली. इतका वेळ ज्या आवाजांना मी भीत होते, ते बंद झाल्यावर त्याहून वाईट वाटलं. मी महिनाभर गावभर सांगत होते की कॉम्प्युटर चुकत नाही. माझा पाय उघडा पडला होता, जुना गोळा कापून काढला होता, नवा बसला नव्हता. परत जायला रस्ता नव्हता. मला अक्काचं तोंड दिसलं. तिला हे सांगायला मालक बाहेरून फोन करतील, तिला आणखी एकदा तसलंच ऐकावं लागेल, असं वाटलं.

"बाई," मी म्हणाले, "मशीन बंद पडलं का?"

त्यांनी माझा हात धरला. खोटं बोलल्या नाहीत. "बंद नाही पडलं. पण सर त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीयेत आत्ता. तपासतायत."

"मग?"

"मग काय. तपासून घेतील."

पडद्यापलीकडून डॉक्टर मोठ्यानं बोलले, बहुधा मला ऐकू जावं म्हणून. "काकू, कमरेतला एक खिळा ढिला झालाय. तुमचं हाड तिथं मऊ आहे. नवीन बसवून सगळी मापं पहिल्यापासून घेतो. वेळ जाईल. घाई करत नाही."

पहिल्यापासून. मी मनात आमच्या फळ्यांवरचे साड्यांचे गठ्ठे मोजले, वरून खाली, खालून वर. मध्येच पोटावर गार लागलं, म्हणजे भूल उतरायला लागली होती. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पाठीतल्या नळीतून आणखी औषध सोडलं. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. पुन्हा आकडा ऐकू आला. मग दुसरा. मग डॉक्टर म्हणाले, "आता जुळतंय." आणि हातोडी सुरू झाली. त्या आवाजावर मी रडले.

पंजा

दुपारी खाटेवर आणलं. उजव्या पायाची बोटं थोड्या वेळात हलली. डाव्या मांडीला मुंग्या आल्या, मग ठणका सुरू झाला. पंजा मात्र तसाच. मी सांगतेय आणि तो ऐकत नाही. मी चादरीखालून त्याच्याकडे बघत राहिले. मालकांना सांगितलं नाही. न सांगितलं तर झालंच नाही, असा माझा जुना स्वभाव.

चारच्या सुमाराला दारात अक्का दिसली. एकटीच एसटीनं आली होती, हातात डब्याची पिशवी. माझ्याकडे न बघता कौशल्याबाईंना तिनं विचारलं, "शुद्धीवर हाय का?"

"बोल की तिच्याशी, जित्ती हाय ती," कौशल्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी पावलावर बोट ओढलं. "कळतंय?"

"कळतंय. पण बोथट."

"पंजा वर घ्या."

मी घेतला. म्हणजे मला वाटलं, घेतला. चादरीवर काही हललं नाही.

त्यांचा चेहरा मी बघत होते. एक क्षण तो आत ओढल्यासारखा झाला. मग त्यांनी पट्टी सैल करायला सांगितली, गुडघ्याखाली उशी ठेवली, आणि मालक, अक्का, मी, तिघांच्या समोर उभे राहिले. "नस ताणली गेलीय असं दिसतंय. तुटलेली नाही, ती मी डोळ्यांनी बघितलीय. लांबीही मी जपून वाढवली होती, पूर्ण भरली नव्हती. तरी झालं. बहुतेकांचं परत येतं. कधी येईल ते मी सांगू शकत नाही."

ते गेल्यावर मालक खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे. मी अक्काला म्हणाले, "तू सांगत हुतीस."

ती मला बोलेल असं वाटलं होतं. तिनं स्टूल ओढलं आणि माझ्या पायाशी बसली.

"तू बाहीर आलीस," ती म्हणाली. "पायाचं मग बघू."

त्यानंतर चार दिवस ती त्या स्टुलावर होती. पंजा लोंबू नये म्हणून प्लास्टिकचा साचा बांधला होता. दोन वेळा तो काढून व्यायाम करायचा, तेव्हा ती अंगठ्याकडे बघत बसायची. वॉकर धरून मला चालवलं तेव्हा पाय फरफटला. सांध्याचं दुखणं, ते जुनं हाडावर हाड घासणारं दुखणं, पूर्ण गेलं होतं. पण ते मला जाणवलंच नाही, इतकी मी त्या पंजाला भ्यालेली होते. फोटोत नवी वाटी छान बसली होती. डॉक्टर दाखवत होते, मी बघत नव्हते.

व्यायाम चालू असताना अक्का एकदा आपणहून बोलली. "त्यांना आत नेताना मी तोंड फिरवून बसले हुते. देवाचं नाव घेत. त्यांनी मागं वळून बघितलं असंल का, ठाव न्हाई मला." वीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाय तिच्या हातात तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी ती अंगठ्याला तेल चोळत होती. एकदम थांबली.

"परत कर."

"काय?"

"आत्ता केलतंस ते. परत कर."

मी जोर लावला. अंगठा हलला. केसाएवढा असेल.

"हाललं!" अक्का ओरडली. "अगं बया, हाललं! सिस्टर! हितं या!" कौशल्याबाई उठून बसल्या. सिस्टर धावत आली ती काहीतरी भलतंच झालं समजून.

घर

सहाव्या दिवशी घरी आले. दुकानात गादीच्या शेजारी माझ्यासाठी उंच खुर्ची ठेवली आहे. आता मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, पाय ओलांडायचा नाही. संडासात उंच बैठक बसवली. झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी. सुरुवातीला शिंक आली तरी सांधा निसटेल म्हणून मी मांडी दाबून धरायचे. डॉक्टर म्हणाले, शिंकेनं निसटत नाही. मी तरी धरायचे.

पाय आता जवळजवळ सारखे आहेत, आणि ह्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती: मी सरळ चालायला विसरले नव्हते, ते मला कधी येतच नव्हतं. महिनाभर प्यायल्यासारखी झुकायचे. सगळे परकर डावीकडे आखूड शिवलेले, ते परत शिवायला टाकले. पंजाला दोन महिन्यांनी बरीच ताकद आली. तिसऱ्या महिन्यात साचा सुटला. पाऊल दमल्यावर अजून जरा आपटतं. पूर्ण बरं होईल की नाही, माहीत नाही.

आता ओळखीच्या बायका एक्स-रे घेऊन दुकानात येतात. विचारतात, मशीनवर करावं का? मी सांगते, मशीन चांगलं आहे, पण मशीन जुळत नसेल तेव्हा थांबणारा डॉक्टर बघा. आणि पंजाचं आधी विचारून घ्या. भीती जाईल असं मी कुणाला सांगत नाही. माझी गेली नाही.

परवा अक्का आणि मी बाजारात निघालो. सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या, गर्दी होती. मी पायाखाली बघत चालले होते, कुठं सालावरून घसरायला नको म्हणून. मागून हाक आली.

"अगं, हळू चाल की! माझ्यानं होईना."

मी थांबले. अक्का वीस पावलं मागं होती, कमरेवर हात ठेवून दम घेत. जन्मात मला हळू चाल असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला, डावं पाऊल जपून टेकवून, ती येईपर्यंत उभी राहिले.